वाचकांचे प्रश्न: लेड दोन-दोन ग्रुपमध्ये का येतं?

प्रश्न (एसवायबीएस्सीची विद्यार्थिनी, सांगली): मॅडम, आमच्या इनऑरगॅनिक मिक्श्चरमध्ये (धातूंच्या क्षारांचं मिश्रण) लेड (शिसं) आणि आयर्न (लोखंड) होतं हे नंतर कळलं. पहिल्या ग्रुपमध्ये (ग्रुप म्हणजे एकच रसायन घालून एकत्र खाली पाडायचे धातू, क्रमाने एकेक ग्रुप काढतात) पांढरा पीपीटी (प्रेसिपिटेट, म्हणजे खाली बसणारा साका) आला, तो फिल्टर करून काढला, तरी दुसऱ्या ग्रुपला एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड गॅस) सोडल्यावर परत काळा पीपीटी आला म्हणून मी कॉपर लिहिलं. आणि तिसऱ्या ग्रुपमध्ये आयर्नचा लालसर तपकिरी यायला पाहिजे तर काळपट हिरवं काहीतरी आलं. नेमकं चुकलं कुठे?

उत्तर: तुला जे दिसलं ते सगळं खरं आहे आणि तू ते तसंच लिहून ठेवलंस हे फार चांगलं केलंस, कारण त्यावरूनच कुठे काय झालं ते सांगता येतंय. आधी लेडचं बघू. डायल्यूट एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) घातल्यावर लेड क्लोराइडचा पांढरा पीपीटी पडतो हे बरोबर, पण लेड क्लोराइड पाण्यात अगदीच न विरघळणारं नाहीये, साध्या तापमानाला 100 मिली पाण्यात जवळजवळ 1 ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात 3 ग्रॅमच्या वर. म्हणजे तू कितीही नीट फिल्टर केलंस तरी थोडं लेड फिल्ट्रेटमधून (गाळून खाली आलेल्या सोल्यूशनमधून) पुढे जाणारच आणि सोल्यूशन गरम असताना फिल्टर केलंस तर बरंच जाणार. तेच पुढे एचटूएसबरोबर लेड सल्फाइड होऊन काळं पडतं. कॉपर सल्फाइड पण काळंच, त्यामुळे नुसत्या रंगावरून कॉपर लिहायचं नाही. तो काळा पीपीटी गरम डायल्यूट नायट्रिकमध्ये विरघळव, सोल्यूशन निळं आलं आणि जास्तीचा अमोनिया घातल्यावर गडद निळं झालं तर कॉपर, रंगच नसेल आणि डायल्यूट सल्फ्युरिक घातल्यावर पांढरं पडलं तर लेड.

म्हणून पहिला ग्रुप थंड सोल्यूशनमध्येच करायचा, पीपीटी पाण्याऐवजी थंड डायल्यूट एचसीएलने धुवायचा, आणि फिल्ट्रेटमध्ये एचसीएलचा अजून एक थेंब टाकून बघायचं, गढूळ झालं तर ग्रुप संपलेला नाही, परत फिल्टर. हा एक थेंब मुलं सर्रास टाळतात, प्रॅक्टिकलला वेळ कमी असतो हे मला कळतं, पण पुढचा सगळा तास त्या थेंबावर अवलंबून असतो गं. पहिल्या ग्रुपचा पीपीटी लेडचाच आहे ना हे बघायला तो गरम पाण्यात विरघळव आणि त्यात पोटॅशियम आयोडाइड घाल, पिवळंधमक लेड आयोडाइड पडेल. ते पाणी घालून उकळून विरघळवलंस आणि सावकाश थंड होऊ दिलंस तर सोनेरी चमचमत्या पातळ चकत्या तरंगायला लागतात, एकदा बघितलं की लेडची टेस्ट आयुष्यात विसरणार नाहीस.

आता आयर्न. एचटूएस नुसता सल्फाइड पाडत नाही, तो रिड्यूसिंग एजंट पण आहे, तो फेरिक आयर्नचं (लालसर तपकिरी पीपीटी याचाच येतो) फेरस आयर्न करून टाकतो. आणि अमोनियम क्लोराइड असताना अमोनियाने फेरस नीट पूर्ण खाली बसत नाही, मळकट हिरवं काहीतरी येतं, त्यात एचटूएस शिल्लक असेल तर फेरस सल्फाइडचा काळेपणा मिसळतो. तुझ्या बाबतीत बहुतेक हेच झालंय. म्हणून दुसऱ्या ग्रुपचं फिल्ट्रेट आधी एचटूएस पूर्ण जाईपर्यंत उकळायचं, वाफेवर लेड ॲसिटेटचा कागद धरायचा, तो काळा पडायचा थांबला की मगच कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकचे काही थेंब घालून परत उकळायचं म्हणजे फेरसचं फेरिक होतं. एचटूएस असतानाच नायट्रिक ओतलं तर गंधक सुटून सगळं दुधाळ होतं आणि पीपीटी आलाय असं वाटतं. त्यानंतर आधी अमोनियम क्लोराइड, मग अमोनिया, हा क्रम उलटा करायचा नाही, कारण अमोनियम क्लोराइडमुळे हायड्रॉक्साइड आयन कमी राहतात आणि मॅग्नेशियम, मँगनीजसारखे पुढच्या ग्रुपचे लोक इथे पडत नाहीत.

दुसऱ्या ग्रुपलाही ॲसिडचं प्रमाण सांभाळावं लागतं. साधारण 0.3 मोलर एचसीएल हवं, जास्त झालं तर लेड, कॅडमियम नीट पडत नाही, कमी झालं तर झिंक आधीच पडायला लागतं. ही ग्रुपांची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेझेनियस यांनी 1841 मध्ये पद्धतशीर मांडली, आणि ती चालते ती एकाच गोष्टीवर, मागच्या ग्रुपचं पुढे काही जायला नको. (काही पुस्तकांत तिसरा ग्रुप 3ए आणि 3बी असा असतो, काहींत तिसरा आणि चौथा, त्याने गोंधळू नकोस.) आणि एचटूएस फ्यूम हूडमध्येच (विषारी गॅस बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) हं, जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस तिथेच उभा राहतो.

प्रश्न (टीवायबीएस्सीचा विद्यार्थी, नाशिक): ऑरगॅनिक मिक्श्चरमधून एक घटक वेगळा केला, मेल्टिंग पॉइंट (वितळण्याचं तापमान) 122 डिग्री सेल्सिअस आला. टेबलमध्ये बेन्झॉइक ॲसिड पण 122 आणि बीटा नॅफ्थॉल पण 122 च्या आसपास. कोणतं लिहू?

उत्तर: मेल्टिंग पॉइंटवरून लिहूच नकोस, आधी ते वेगळं कशात झालं ते आठव. मिक्श्चर सॅच्युरेटेड सोडियम बायकार्बोनेटमध्ये हलवल्यावर बुडबुडे येऊन जे विरघळलं ते ॲसिड, म्हणजे बेन्झॉइक. बीटा नॅफ्थॉल फिनॉलिक आहे, ते बायकार्बोनेटला दाद देत नाही, त्याला सोडियम हायड्रॉक्साइडच लागतं. पण तू घाईने आधीच सोडियम हायड्रॉक्साइड घातलं असशील तर दोघंही असतील तिथे दोघंही विरघळतील आणि ॲसिड घातल्यावर दोघंही एकत्रच खाली येतील, मग वेगळं काहीच झालेलं नसतं. त्यामुळे बायकार्बोनेट आधी, बुडबुडे थांबेपर्यंत थोडंथोडं, मग फिल्टर, आणि फिल्ट्रेटमध्ये एचसीएल.

तरीही खात्री हवी तर मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट काढ. तुझा पदार्थ आणि बाटलीतलं शुद्ध बेन्झॉइक ॲसिड सारखं घेऊन खलात बारीक कर आणि कॅपिलरीत भर. 122 लाच वितळलं तर बेन्झॉइक, खूप आधीपासून ओलसर होत होत वितळलं तर दुसरं काहीतरी. मला स्वतःला ही टेस्ट फार आवडते, दोन पदार्थांचे आकडे एक असले तरी ते एकमेकांत मिसळल्यावर खरं बाहेर येतंच. बीटा नॅफ्थॉलसाठी डाय टेस्ट आहेच, ॲनिलिन एचसीएलमध्ये विरघळवून बर्फात 0 ते 5 डिग्रीला सोडियम नायट्राइट घालायचं आणि ते बीटा नॅफ्थॉलच्या अल्कलाइन सोल्यूशनमध्ये ओतायचं, भडक नारिंगी लाल रंग येतो. मात्र पदार्थ आधी रिक्रिस्टलाइज करून (विरघळवून परत स्फटिक काढून) पूर्ण वाळव, ओला असला तर मेल्टिंग पॉइंट खाली येतो आणि मग टेबलमधलं भलतंच नाव जुळतं.

प्रश्न (माध्यमिक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा): शाळेत लॅब नावालाच आहे. नववीच्या मुलांना मिश्रण वेगळं करून, वर ओळखूनही दाखवता येईल असं काय करू?

उत्तर: सर, मीठ आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) घ्या, नवसागर कल्हईवाल्याकडे किंवा त्याचं सामान मिळतं तिथे मिळेल. मिश्रण बशीत ठेवून त्यावर उलटं फनेल ठेवा, नळीच्या तोंडाशी कापूस, आणि मंद आचेवर तापवा. नवसागराचे अमोनिया आणि एचसीएल हे दोन गॅस होतात आणि थंड काचेवर परत एकत्र येऊन पांढरा थर बसतो, मीठ खाली तसंच राहतं. खिडक्या उघड्या ठेवा, धूर नाकाला झोंबतो. आता मुलांना विचारा की वरचं पांढरं नवसागरच कशावरून, पांढरं तर मीठ पण आहे. मग तो थर खरवडून थोड्या ओल्या चुन्यात मिसळा, अमोनियाचा वास लगेच येईल, ओला लाल लिटमस वर धरला तर निळा होईल. खाली राहिलेल्या मिठालाही तीच टेस्ट करून दाखवा आणि तिथे वास आला तर परत तापवायला सांगा, अजून नवसागर शिल्लक आहे.