जबडा मोजायचं करिअर

प्रिय विद्यार्थिनी,

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, बघून जबडा स्त्रीचा की पुरुषाचा हे सरांनी वर्गात ओळखून दाखवलं, तेव्हापासून फॉरेन्सिक ओडोंटोलॉजी, म्हणजे दात-जबड्यांवरून अनोळखी मृतांची ओळख पटवण्याचं शास्त्र, डोक्यातून जात नाही, असं तू लिहिलंस. तू दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहेस आणि मैत्रीण म्हणते, ‘आता डीएनए असताना एक्स-रे कोण विचारतो?’

तिला विचार, डीएनए जुळवायचा कुणाशी? त्यासाठी नातेवाईक किंवा त्या व्यक्तीचा आधीचा नमुना सापडायला हवा. लिंग आणि वयाचा अंदाज आला की बेपत्तांच्या यादीतली कितीतरी नावं बाजूला होतात. लिंग ओळखायला कमरेचं हाड सर्वांत भरवशाचं. पण ते मोडलं, जळालं, तरी खालचा जबडा पुष्कळदा शाबूत राहतो. फार दाट हाड आहे ते.

आता एक ओपीजी समोर घे. रेमस, म्हणजे जबड्याची मागची उभी फांदी, कंडाइलच्या, म्हणजे कानाजवळच्या सांध्यात बसणाऱ्या गोलसर भागाच्या, टोकापासून खालच्या कडेपर्यंत मोज. पुरुषांत ती सहसा उंच आणि रुंद असते, जबड्याचा कोन काटकोनाकडे झुकतो, हनुवटी चौकोनी दिसते. ‘सहसा’ हा शब्द मात्र विसरू नकोस. स्त्री-पुरुषांची मापं एकमेकांत बरीच मिसळतात. वयात येण्याआधी फरक पुरता उमटलेलाच नसतो, आणि दात गेले की जबड्याचा आकारही बदलत जातो. ओपीजीत प्रतिमा मोठी दिसते, ती किती हे मशीनवर अवलंबून. डोकं जरा तिरकं राहिलं तरी आडवी मापं बिघडतात, उभी त्यामानाने टिकतात. म्हणून अहवालात नुसतं ‘पुरुष’ लिहून चालत नाही. शक्यता किती, तेही लिहावं लागतं. हा संयम मला या कामात सगळ्यांत मोलाचा वाटतो.

निर्णयाआधी एवढं कर. परवानगी घेऊन तीस ओपीजी घे, नावं झाक, रेमस मोज. दोन आठवड्यांनी, जुने आकडे न बघता, पुन्हा मोज. आकडे कुठे आणि का हलले हे शोधण्यात संध्याकाळ कशी गेली ते कळलं नाही, तर खुशाल या वाटेला ये.

पूर्णवेळ जागा थोड्या आहेत, हे घरी स्पष्ट सांग. बरेच जण शिकवणं किंवा दवाखाना सांभाळून हे काम करतात. म्हणून आधी पदवी, मग ओरल रेडिओलॉजी, सोबत संख्याशास्त्र.

आणि उद्या सरांना विचार: मापांवरून लिंग ठरवायला त्यांनी वापरलेलं सूत्र कुठल्या लोकसमूहाच्या जबड्यांवरून काढलेलं आहे? एका समूहाचं सूत्र दुसऱ्याला लावलं की उत्तर चुकू शकतं.