शंकरपाळ्यातला शंकर कोण?

मिरजेहून एका ताईंनी विचारलं आहे. डिसेंबर लागला की त्यांच्या घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळी सुरू होतात. दारात कागदी चांदणी लागते, रात्री कॅरल गाणारी मंडळी येतात, त्यांच्यापुढे ताटली ठेवायची असते. ताई याला ‘नाताळचा फराळ’ म्हणतात. त्यांच्या जाऊबाईंना ते पटत नाही. फराळ दिवाळीचा, आपण ख्रिस्ती माणसांनी ‘नाताळचा खाऊ’ म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोण?

ताई बरोबर. फराळ म्हणजे फलाहार, हे शाळेतली पोरंही सांगतील, त्यात वेळ घालवत नाही. करंजी निदान नावापुरती करंजाच्या शेंगेवरून आली. चकली कुठल्या झाडाला लागते? दिवाळीनं हा शब्द उपासातून उचलून कढईत सोडला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, आता नाताळानं घेतला तर एवढं सोवळं कशाला? आणि जाऊबाईंना हेही सांगा की नाताळाआधीचा आगमनकाळ पश्चिमेकडच्या चर्चमध्ये एकेकाळी उपासाचाच असायचा. केरळातले बरेच सिरियन ख्रिस्ती आजही १ ते २५ डिसेंबर मांस-मासे सोडतात. म्हणजे मूळ अर्थ धरला तर फराळावर नाताळाचा हक्क दिवाळीपेक्षा काकणभर जास्तच. आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात येऊन ‘देवाचा दरबार’ मांडणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग उपासनेत चालतात, मग फराळानंच काय घोडं मारलंय?

माझं डोकं फिरतं ते त्याच ताटलीतल्या शंकरपाळ्यापायी. दर वर्षी मोबाइलवर फिरत येतं: शंकराला प्रिय म्हणून शंकरपाळे, शंकराच्या तिसऱ्या डोळ्यासारखा आकार म्हणून शंकरपाळे. अहो, शंकराचा इथं काडीचा संबंध नाही! मूळ शब्द फारसी, शकरपारा. शकर म्हणजे साखर, पारा म्हणजे तुकडा. कुराणाच्या तीस भागांना सिपारे म्हणतात, त्यातला पारा तो हाच. कातणीनं पोळीचे चौकोन पाडता ना, ते पारे.

आता खरी मजा. फारसीतली ही शकर आपल्याच शर्करेची लेक. शर्करा म्हणजे मुळात खडे, रेती. दाणेदार गोडाला तेच नाव पडलं. प्राकृतातून येत येत घरी तिची साखर झाली. बाहेर पडली ती इराणात शकर, अरबस्तानात सुक्कर, आणि युरोपभर फिरून इंग्रजीत शुगर. ग्रीकांकडे गेलेल्या शाखेतून सॅकरीन निघालं. मिरज ही दवाखान्यांची पेठ, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ काढल्यापासूनची. तिथं डॉक्टर सासूबाईंना सांगतात, ‘शुगर वाढलीय, शंकरपाळी बंद.’ म्हणजे एका बहिणीच्या नावानं दुसरीला घरबंदी! आणि शंकरपाळ्याच्या पिठात आपण साखर घालतो तेव्हा साखरेतच साखर घालत असतो.

राहिला अनुस्वार. शकरचा शंकर झाला कसा? काही जाणकार सांगतात, हे आपोआपचं अनुनासिक, जसा पक्षाचा पंख झाला. मला हे साफ अमान्य. तो बदल प्राकृतांच्या काळातला, फारसी शब्द कितीतरी शतकांनंतर आले. त्यांना तो नियम कुठून लागणार? शिवाय चक्करचा चंकर झाला नाही, टक्करची टंकर झाली नाही. शक्करचाच तेवढा शंकर का व्हावा? कारण चंकर नावाचा देव नाही. अनोळखी शब्द कानावर पडला की लोक त्याला ओळखीच्या नावाचं धोतर नेसवतात, इथं तेच झालं असं माझं ठाम मत आहे. ‘पारा’चं ‘पाळे’ होणं त्याच ओघातलं.

सांगलीच्या पूर्वेकडे, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावांत, याला पुरावाही मिळतो. कानडीत शंकरपोळी म्हणतात. तिथं पुढं देव बसवलाच, शिवाय मागं पोळी लाटली! याच शब्दावर बोट ठेवून एक अभ्यासू गृहस्थ मला ऐकवतात की मूळ शब्द कानडी, ‘पोळी’ हाच पदार्थ आणि ‘पाळे’ हा मराठी अपभ्रंश. बरं, धरून चालू. मग हिंदी मुलखात हाच पदार्थ शकरपारा म्हणून तळतात, तिथली पोळी कुणी खाल्ली? पोळी जाऊन नेमका साखरेचा तुकडा या अर्थाचा फारसी शब्द तिथं आपसूक तयार झाला म्हणायचा काय? याचं उत्तर त्यांनी द्यावं, मग कानडीकडे बघू.