वर्दी आणि स्ट्रेचर

प्रिय पोरी,

तू पाठवलेला जाहिरातीचा फोटो पाहिला. ‘3 महिन्यांत फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के सरकारी नोकरी.’ आधी तो कागद बाजूला ठेव. नोकरीची अशी हमी कुणाच्याच हातात नसते. महापालिका-नगरपालिकांच्या फायरमन भरतीच्या जुन्या जाहिराती काढ आणि शांतपणे वाच. बहुतेक ठिकाणी मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा 6 महिन्यांचा कोर्स मागतात. तुला मिळणारं सर्टिफिकेट त्या अटीत बसतं का, हे फी भरायच्या आधी बघ, नंतर नाही. शिवाय त्या क्लासमध्ये जाऊन ‘पंप दाखवा, ड्रिलचं मैदान दाखवा’ असं स्पष्ट म्हण. पाण्याने भरलेला होज, म्हणजे बंबाचा पाइप, कसा उसळतो, त्याच्या टोकाची ब्रँच (नळी) धरायला दोघं का लागतात, हे फळ्यावर शिकवता येत नाही.

पॅरामेडिकलचंही तेच. या व्यवसायांसाठी 2021 साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला, तरी गल्लीबोळातले कोर्स अजून संपलेले नाहीत. प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत किती तास उभं करणार, हे विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून निघ.

तुझ्या बाबांना हे मुलींचं काम वाटत नाही. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी 2002 साली तिथल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या कॉलेजातल्या त्या पहिल्या मुलगी. आज मुंबईच्या दलातही मुली आहेत. बाबांना एवढं सांग, बाकी मी बोलतो.

आता तुझा खरा प्रश्न. फायर की ॲम्ब्युलन्स, काय ते एक सांगा, म्हणतेस. तुला माझ्या अग्निशमन दलातल्या नोकरीतली एक रात्र सांगतो.

रहिवासी इमारतीत आग लागल्याची वर्दी, म्हणजे खबर, आली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या धुरातून एका आजींना मी खाली आणलं. श्वास चालू होता, डोळे उघडे होते. कुणीतरी बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, त्यावर 98 आलं. मला हुश्श झालं. त्यांना आडवं करून मी परत वर जायला वळलो, तेवढ्यात ॲम्ब्युलन्सवरची मुलगी धावत आली. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने त्या 98 कडे बघितलंसुद्धा नाही. आजींना टेकून बसवलं, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला, टॉर्च मारून नाकपुड्या बघितल्या. आत काजळी होती. ‘आजी, नाव काय तुमचं?’ आवाज घोगरा निघाला. ‘घसा आतून भाजलाय, सुजायला लागलाय. चला!’ म्हणाली आणि दोन मिनिटांत गाडी हलली.

माझी वीस वर्षं नोकरी झाली होती तेव्हा, आणि यातलं मला कुणीही शिकवलं नव्हतं. धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा घेऊन बसतो आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतो. माणूस आतून गुदमरत असतो आणि आकडा छान दिसतो. हे मला त्या मुलीने दुसऱ्या दिवशी फोनवर समजावलं.

उलट बाजूही तितकीच खरी. 9 जानेवारी 2021 ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. 10 बाळं गेली, 7 वाचवता आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका हॉस्पिटलात आयसीयू पेटलं. ही नावं घेताना अजून माझा हात थांबतो. हॉस्पिटलात आग लागते तेव्हा बंब येईपर्यंतची मिनिटं नर्सच्या, टेक्निशियनच्या, वॉर्डबॉयच्या हातात असतात. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे बंद होतो, रुग्णाला चादरीसकट जमिनीवरून कसं ओढायचं, जिन्याकडे न धावता त्याच मजल्यावर फायर डोअरच्या पलीकडे आधी का हलवायचं, हे ज्याला येतं तोच तिथे उपयोगाचा.

म्हणून माझं मत असं, की तू फायरचा कोर्स कर. तुझा दम आणि तुझी शिस्त मी पाहिली आहे, ते काम तुला मानवेल. पण प्रथमोपचाराच्या तासाला मागच्या बाकावर बसू नकोस. तिथे बरीच मुलं पेंगतात, कारण परीक्षेत त्याला मार्क कमी. सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचे दाब, मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, हे पाठ होणं वेगळं आणि बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायचं पाठीवरचं उपकरण) उतरवून घामाघूम अंगाने दोन मिनिटं न थांबता देणं वेगळं. सुट्टीत एखाद्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत परवानगी काढून रात्रपाळीला उभी राहा. आणि पुढे मन बदलून ॲम्ब्युलन्सकडे गेलीस तरी मला वाईट वाटणार नाही, फक्त होज धरलेला हात घेऊन जा.

रविवारी सकाळी सातला मैदानावर ये. कॅनव्हासचे बूट घाल, केस घट्ट बांध. बोलाईन आणि चेअर नॉट या सुटकेच्या दोरीच्या दोन्ही गाठी शिकवतो, डोळे मिटून बांधता येईपर्यंत सोडणार नाही. बाबांनाही आण. सीपीआरचा पुतळा आणून ठेवतो, पहिले तीस दाब त्यांनाच द्यायला लावू.

तुझा,
काका