पक्षाघातानंतर पाऊल लोंबत असेल तर ब्रेस घ्यावा की करंटचे यंत्र?

आपल्या आईंना पक्षाघात होऊन चार महिने झाले, डावे पाऊल अजून लोंबते, डॉक्टर ब्रेस सांगतात आणि नातेवाईक करंटचे यंत्र घ्या म्हणतात, तेव्हा काय करावे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरात वडिलांसाठी दोन्ही उपाय करून पाहिले, त्यावरून लिहितो. माझ्या मते आधी ब्रेसच घ्यावा, मात्र तो घरातही वापरता येईल याची सोय त्याच वेळी करावी.

ब्रेस, म्हणजे एएफओ, पोटरीमागून तळव्याखाली येतो आणि घोटा जवळपास काटकोनात धरून ठेवतो, त्यामुळे पाय पुढे टाकताना चवडा घासत नाही. पण तो बुटात घालूनच चालायचे असते, आणि आपल्याकडे उंबऱ्याच्या आत कोणी पायात काही घालत नाही. वडील बाहेर ब्रेस लावून व्यवस्थित चालत, घरात आल्यावर काढून ठेवत. रात्री शहाबादी फरशीवर पाय फरफटल्याचा आवाज मला शेजारच्या खोलीत येई, आणि ते पडले तेही घरातच, न्हाणीघराच्या उंबऱ्याला अंगठा अडखळून. नुसता ब्रेस लावून फरशीवर चालणे तर आणखी धोक्याचे, कारण प्लास्टिक घसरते. शेवटी मागे पट्टा असलेली, एक माप मोठी सँडल खास घरासाठी आणली.

पहिला तयार ब्रेस त्यांच्या घोट्याच्या हाडावर रुतत होता आणि संवेदना कमी झाल्यामुळे त्यांना ते कळतच नव्हते. म्हणून ब्रेस मापाचा करून घ्यावा, आत सुती मोजा घालावा (आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो दिवसातून दोनदा बदलावा लागतो) आणि काढल्यावर उठलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर ब्रेस दुरुस्त करून घ्यावा. मधुमेह असेल तर हे रोज पाहावे.

आता करंट. फिजिओथेरपीत झोपवून देतात तो करंट वेगळा आणि चालताना पाऊल उचलणारे यंत्र वेगळे. दुसऱ्या प्रकारात गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या शिरेला, म्हणजे मज्जातंतूला, पाय उचलण्याच्या नेमक्या क्षणी विद्युतस्पंदने दिली जातात. ही कल्पना 1961 साली डॉ. लिबरसन यांनी मांडली. पक्षाघातात इजा मेंदूत असते, पायातला मज्जातंतू शाबूत असतो, म्हणूनच हा उपाय चालतो. अमेरिकेत 197 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 30 आठवड्यांनी ब्रेस वापरणारे आणि यंत्र वापरणारे अशा दोन्ही गटांचा चालण्याचा वेग वाढला होता, पण दोहोंत ठळक फरक नव्हता; यंत्र वापरणाऱ्यांचे समाधान मात्र अधिक होते. पायाच्या कलण्यावरून चालू होणारे यंत्र अनवाणीही चालते, हा त्याचा आपल्या घरांसाठी खरा फायदा आहे. पेसमेकर असेल किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

यंत्र ब्रेसपेक्षा कितीतरी पट महाग पडते, म्हणून फिजिओथेरपिस्टकडे काही दिवस आईंना त्यावर चालवून पाहावे आणि मगच ठरवावे. तेव्हाच आईंना खुर्चीत बसवून एकट्या उजव्या हाताने पट्टा लावायला सांगावे. वडिलांना ब्रेसचे वेल्क्रो जमले. यंत्राचे पॅड नेमक्या जागी बसवायला मात्र रोज सकाळी माझ्या आईला जमिनीवर बसावे लागे, आणि तिचे गुडघे दुखू लागल्यावर ते यंत्र मागे पडले.