हात लाल, पण कशानं?

प्रश्न : नमस्कार भाऊ. इंग्रजी पेपरात 'कॉट रेड हँडेड' लिहिते आन आपल्या पेपरात 'लाच घेताना रंगेहाथ'. माझं म्हणणं, नोटेला पावडर लावते न हात लाल होते, त्यावरूनच हे आलं. चुलतभाऊ म्हणते धुळवडीवरून आलं. तर्री पोह्याची पैज लागली आहे, लवकर सांगा.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पैज लावायच्या आधी विचारलं असतं तर पैसे वाचले असते राजेहो, दोघंही चुकले. इंग्रजीतला तो लाल रंग रक्ताचा आहे. शब्द मूळचे स्कॉटलंडचे, तिथला राजा पहिला जेम्स, त्याच्या काळातल्या १४३२ च्या कायद्यात 'रेड हँड' सापडते. म्हणजे खून केला आन हात धुवायलाही टाइम भेटला नाही, तसाच धरला गेला. दुसऱ्याचं जनावर चोरून कापलं तरी तेच, नाही म्हणाल कसं, हातच साक्ष देऊन राहिला ना. पुढं सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या 'आयव्हॅनहो' कादंबरीत 'रेड हँडेड' असं आलं आन मग ते सगळीकडं पसरलं. आता तर कोणी डब्यातला लाडू चोरताना सापडला तरी रेड हँडेड, रक्त गेलं कुठल्या कुठं.

तुमची पावडर लय मागून आली. तिचं नाव फेनॉल्फ्थॅलीन, १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं बनवली, म्हणजे त्या कायद्याच्या चारशे वर्षांच्याही नंतर. (मधल्या काळात लोक ती जुलाबासाठी घेत, हे साहेबांना नका सांगू.) लाचलुचपतवाले पंचांसमोर ती नोटांना चोळते, पांढरी असते म्हणून नोटेवर दिसतच नाही. साहेबानं नोटा हातात घेतल्या की त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवते आन पाणी गुलाबी होते. बघा, लाल नाही, गुलाबी, आन हातापेक्षा पाणीच जास्त. नोटा खिशात टाकल्या असतील तर खिसाही धुते. ते पाणी बाटलीत भरून, सील करून लॅबला जाते.

विश्वास बसत नसंल तर घरीच पाहा. लग्नात शर्टावर हळदीचा पिवळा डाग पडते, आई साबण लावते आन डाग एकदम लालभडक होते, मग घरात बोंबाबोंब. साबण आन सोडा दोन्ही अल्कली, त्यानंच रंग बदलते. पाण्यानं खळखळून धुतलं की डाग परत पिवळा. पावडर हळद नाही, पण खेळ तोच.

एक मात्र ध्यानात ठेवा, नुसतं पाणी गुलाबी झालं म्हणून कोर्ट शिक्षा देत नाही, त्यानं पैसे मागितले होते हेही सिद्ध करावं लागते. म्हणून कोणी मागितले तर नोटा देऊन मोकळं होऊ नका, आधी लाचलुचपतवाल्यांच्या १०६४ नंबरवर फोन लावा.

आपलं 'रंगेहाथ' हे हिंदीतल्या 'रंगे हाथों'चं भावंड. धुळवडीचं चुलतभावानं मनानंच काढलेलं दिसते. पैज कोणीच जिंकलं नाही, तर्री पोह्याचे पैसे अर्धे अर्धे द्या.