निळं औषध नको, मग टाकीत घालायचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला असतो, मागच्या वर्षी जुनी कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली. टॉयलेटच्या कॅसेटमध्ये, म्हणजे खालच्या काढून ओतायच्या मैल्याच्या टाकीत, निळं लिक्विड घालतो, पण त्याच्या वासाने बायकोचं डोकं चढतं आणि बाटलीही महाग पडते. इथले लोक म्हणतात कपडे धुवायचं बायो लिक्विड घाला, बास होतं. खरंच चालतं का?

उत्तर : चालतं, मी स्वतः सहा वर्षं तेच वापरतेय. पण आधी निळ्या बाटलीचं काम समजून घ्या. त्यात जंतू मारणारं रसायन असतं, पूर्वी फॉर्माल्डिहाइड असायचं, आता कुठे ब्रोनोपॉल तर कुठे ग्लुटाराल्डिहाइड, म्हणजे टाकीतले जंतू मारायचे आणि वास येऊच द्यायचा नाही. बायो लिक्विड जंतू मारत नाही. त्यातली एन्झाइम्स प्रोटीन, चरबी, स्टार्च तोडतात, साबणामुळे मळ सुटा होतो, कागद ओला होऊन विरतो आणि रिकामं करताना सगळं सरसर बाहेर येतं. वास मात्र ते लिक्विड सुगंधाने झाकतं, थांबवत नाही. त्यामुळे थंडीत तीन दिवस आरामात जातात, पण जुलैच्या उन्हात दोन दिवसांत टाकी रिकामी करायचीच, तिथे आळस चालत नाही.

प्रमाण म्हणाल तर 18-20 लिटरच्या कॅसेटला 100 मिली लिक्विड आणि तळाला दोन लिटर पाणी. पाण्यात कंजूषी करू नका, वास आणि गाठी दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. आपल्याकडे पाणी वापरायची सवय असते त्यामुळे टाकी लवकर भरते हे खरं, पण तेच पाणी आतलं सगळं पातळ ठेवतं. पावडर नको, तळाशी थापून बसते. नॉन-बायोही नको, त्यात एन्झाइम्स नसतात. आणि ब्लीच तर अजिबात नको, एक तर रबरी सील जातं आणि दुसरं म्हणजे लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, बंद कॅरॅव्हॅनमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सीलला महिन्यातून एकदा बोटाने थोडं ऑलिव्ह ऑइल लावा (वॅसलिन नको, रबर फुगतं). कॅसेट ओतताना अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरा, मग भकभक करून अंगावर उडत नाही. कडेला पिवळट थर धरला असेल तर लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवा, सकाळी निघतो.

मी निळं का सोडलं तेही सांगते. वेल्समध्ये एका शेतावरच्या छोट्या साइटवर उतरलो होतो, अशा साइटवर पाचच कॅरॅव्हॅन लागतात आणि मैला बऱ्याचदा शेतकऱ्याच्याच सेप्टिक टँकमध्ये जातो. शनिवारी आम्ही पाचही जणांनी निळ्या कॅसेट ओतल्या. सोमवारी मालकीणबाई गमबूट घालून टाकीच्या झाकणाशी उभ्या होत्या, आत निळसर पाणी आणि वर न कुजलेला थर. टाकीतले जे जंतू मैला पचवतात तेच आम्ही मारले होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी घालायच्या आधी एकच बघते, ही कॅसेट शेवटी जाणार कुठे. गावाच्या गटारलाइनला जोडलेला डिस्पोजल पॉइंट (कॅसेट ओतायची जागा) असेल तर थोडं निळं खपून जातं, सेप्टिक टँक असेल तर बायो लिक्विड किंवा बाजारातली हिरवी बाटलीच, म्हणजे सेप्टिक टँकला चालणारं औषध.

पैसे घालायची तयारी असेल तर व्हेंटिलेशन फॅन बसवून घ्या. टॉयलेटची झडप उघडली की छोटा 12 व्होल्टचा पंखा सुरू होतो, कॅसेटमधली हवा कार्बन फिल्टरमधून बाहेर ओढतो, खोलीत वास येतच नाही आणि टाकीत काहीच घालावं लागत नाही. माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय हाच.

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमजवळ कॅनॉलवर नॅरोबोटमध्ये (अरुंद, लांब घरबोटीत) राहतो. बोटीतल्या पंपाने उपसायच्या मैल्याच्या टाकीला वास येतो म्हणून तो म्हणतो कंपोस्ट टॉयलेट लावतो. योग्य आहे का?

उत्तर : आधी टाकीचा व्हेंट पाइप बघायला सांगा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत ऑक्सिजन संपलाय, मग जंतू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बोटीच्या दोन्ही बाजूंना जाड, सरळ व्हेंट काढले की हवा आरपार फिरते आणि पुष्कळ फरक पडतो. नायट्रेटवाल्या औषधांचं तत्त्वही हेच, जंतूंना सल्फेटऐवजी नायट्रेट मिळतं आणि तो वायू बनत नाही.

कंपोस्ट टॉयलेट चांगलंच, लघवी वेगळी आणि मैल्यावर कोकोपीट, म्हणजे आपल्या कोकणातल्या काथ्याचा भुसा, त्यामुळे वास मातीसारखा येतो. पण कुजायला कित्येक महिने लागतात आणि तोवर बादल्या ठेवायला जागा हवी. तिथले कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टने 2021 च्या अखेरीपासून हा मैला पिशवीत भरून त्यांच्या कचराकुंडीत टाकायला बंदी केलीय. मुलाकडे बागेचा तुकडा किंवा मित्राची जमीन असेल तरच लावू दे.

प्रश्न : पुण्यात व्हॅन कॅम्पर करून घेतली, कोकणात फिरतो. कॅसेटमध्ये फिनेल घालतो. रेल्वेच्या बायो-टॉयलेटमधलं कल्चर (मैला पचवणारे जंतू) घातलं तर?

उत्तर : फिनेल आजच बंद करा. तुम्ही कॅसेट होमस्टेच्या संडासात ओतता ना, म्हणजे तिथल्याच सेप्टिक टँकमध्ये, आणि तिच्या शोषखड्ड्यापासून विहीर किती लांब असते ते तुम्ही बघितलंच असेल. रेल्वेच्या डब्याखालची टाकी डीआरडीओच्या तंत्रावर चालते, तिच्यात कप्पे असतात, जंतू तिथेच वस्तीला असतात आणि मैला त्यांच्यातून हळूहळू पुढे सरकतो. तुमची कॅसेट दोन दिवसांत रिकामी होते, जंतूंना तेवढ्यात काही करायला वेळच मिळत नाही, पैसे वाया जातील.

आपल्याकडच्या उकाड्यात रोज रिकामी करणं हाच उपाय, सोबत दोन लिटर पाणी आणि थोडं एन्झाइमवालं लिक्विड डिटर्जंट. ओतण्याआधी मालकांना विचारा, त्यानंतर दोन बादल्या पाणी ओता, आणि ओढ्याकाठी किंवा खाडीत कधीच नाही, कितीही रात्र झाली असली तरी.