शिडाची लहान लाकडी होडी घरी बांधता येईल का?

सुतारकामाचा जुजबी अनुभव असलेल्या माणसाला दोघांपुरती शिडाची होडी घरी बांधता येईल का आणि काम नेमके कुठे बिघडते, असे आपण विचारले आहे. बांधता येते, मी स्वतः घराच्या पार्किंगमध्ये अशी एक होडी बांधली आहे.

कणा आणि फासळ्या घडवून त्यांवर फळ्या चढवण्याची जुनी रीत हात बसलेल्या कारागिराची आहे. नवशिक्याने प्लायवूडचे तुकडे कापून, कडांना छिद्रे पाडून, ते तांब्याच्या तारेने शिवावेत आणि मग सांधे इपॉक्सीने, म्हणजे राळ आणि हार्डनर (ती घट्ट करणारा द्रव) मिसळून होणाऱ्या गोंदाने, भरावेत. ही पद्धत १९६२ साली ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रासाठी तयार केलेल्या, १० फूट १० इंच लांबीच्या ‘मिरर’ होडीमुळे सर्वतोमुखी झाली. अरबी समुद्रात पूर्वी काथ्याने शिवलेली जहाजे चालत असत, त्यामुळे शिवलेली होडी आपल्याला परकी वाटू नये; फरक इतकाच की येथे टाके तात्पुरते असून खरा भार सांध्यातील इपॉक्सी आणि त्यावरची काचकापडाची पट्टी पेलते.

टाके घातल्यावर घाई करू नये. होडीवर पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून, एका टोकाकडून डोळा लावून त्या समांतर दिसतात का ते पाहावे, कारण या टप्प्यावर राहिलेला पीळ इपॉक्सी सुकल्यानंतर कशानेही निघत नाही आणि होडी कायम एका बाजूला ओढत राहते.

माझे काम बिघडले ते प्लायवूडमध्ये. दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेल्या प्लायवूडच्या एका तक्त्याचे थर पहिल्याच पावसाळ्यात सुटले आणि तळाचा तो भाग मला कापून काढावा लागला. म्हणून ‘आयएस ७१०’ हा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायवूडचा भारतीय मानक शिक्का पाहूनच माल घ्यावा, आणि तरीही कापलेला एक तुकडा काही तास पाण्यात उकळून थर धरून राहतात का ते घरी तपासावे.

इपॉक्सीचे काम आपल्याकडे दिवाळीनंतरच काढावे. दमट हवेत तिच्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो पाण्याने घासून धुतला नाही, तर पुढचा थर धरत नाही. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवू नये, कारण प्रमाण चुकलेली इपॉक्सी कधीच पुरती घट्ट होत नाही. मिश्रण थोडेथोडे करून पसरट भांड्यात ओतावे. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून काही मिनिटांत दगड होते.

बसण्याच्या फळ्यांखाली हवाबंद कप्पे अवश्य ठेवावेत. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, छातीभर शांत पाण्यात होडी मुद्दाम उलटी करावी, आणि ती सरळ करून पाणी उपसता आले तरच शीड चढवून काठापासून दूर जावे.